नवी गाडी येईपर्यंत

मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. पांढरी म्हणजे कागदोपत्री. एरवी माझा रंग आता चहात बुडवलेल्या पावासारखा झालाय. बदलापूरला, मांजर्लीतल्या एका इमारतीखाली मी उभी असते.

मित्रांनो, सतरा वर्षांपूर्वी मी इथं आले तेव्हा काय थाट होता माझा! मिलिंद तेव्हा अंबरनाथच्या कारखान्यात नुकता कायम झाला होता. त्याच्या आईनं, बकुळाबाईंनी, माझ्या पुढच्या काचेमागं लहानशी बुद्धमूर्ती ठेवली आणि साऱ्या शेजारणींना बोलावून मला दाखवलं. लग्नाकार्याला माझ्यात दहा-दहा माणसं कोंबली, मी हूं की चूं केलं नाही. महिन्याला एक फेरी वांगणीची ठरलेली. तिथं बकुळाबाईंची धाकटी बहीण वेणू राहायची. दोघी माझ्या मागच्या सीटवर बसून अशा खिदळायच्या की मिलिंद ओरडायचा, "अगं, मला हॉर्न तरी ऐकू येऊ द्या!"

एका वर्षी उल्हास नदीचं पाणी माझ्या दाराच्या कडीपर्यंत चढलं. तो डाग अजून आहे. मध्यंतरी नव्या गाडीच्या चार्जिंगचा डबा बसवायला माणूस आला, तेव्हा मिलिंदनं माझ्या डागावरून माप घेऊन डबा वर बसवून घेतला. तेवढाच माझा मान!

हो, नवी गाडी. विजेवर चालणारी. बकुळाबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून मिलिंदनं बाहेर वळणारी सीट खास सांगून करायला दिली. वेणूमावशीनं अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, पहिली फेरी वांगणीचीच. ऐटीत जायचं." लेकाच्या हौसेपुढं बकुळाबाई काय बोलणार?

गाडी दिवाळीला येणार होती. मग नाताळ, मग आंबेडकर जयंती. दरवेळी निरोप तोच, सीट आली नाही. खरं सांगते, मला बरं वाटायचं. पार्किंगची जागा एकच. ती आली की मी गेले. पण रोज संध्याकाळी बकुळाबाई गॅलरीतून फाटकाकडं बघायच्या. ते बघून माझी मलाच लाज वाटायची.

एका रविवारी वेणूच्या सुनेचा, स्वप्नालीचा फोन आला. "मावशी, आई सारखं तुमचंच नाव घेतायत."

बकुळाबाई लुगडं बदलून, काठी टेकत खाली आल्या आणि माझ्या दाराशी उभ्या राहिल्या. "मिलिंद, ही उघड."

"आई, पुढच्या आठवड्यात नक्की येतेय गं. हिच्यात कशी चढशील?"

"तुझी गाडी येईल रे. वेणू थांबणारे का?"

मिलिंदचा चेहराच उतरला. त्याची बायको संध्या धावत जाऊन स्वयंपाकघरातला पाट घेऊन आली. पाटावर पाय, सुनेच्या खांद्यावर हात, आणि बकुळाबाई चढल्या एकदाच्या! माझी बॅटरी बसलेली. शेजाऱ्यांनी धक्का मारला, मी दोनदा खोकले आणि निघाले. खड्डे चुकवत, जीव तोडून धावले.

वांगणीला पोचलो तर बकुळाबाईंना उतरताच येईना. मग वेणूच्या मुलानं आईला उचलून आणलं आणि माझ्यातच, बहिणीशेजारी बसवलं. किती हलकी झाली होती ती!

"बकुळे, एवढे दिवस कुठं होतीस गं?"

"गाडीची वाट बघत होते."

"मग ही काय बैलगाडीय?"

आणि दोघी हसल्या. हसता हसता रडल्या, एकमेकींचे हात सोडेचनात. मिलिंद माझ्या बॉनेटला टेकून पाठमोरा उभा होता.

अकरा दिवसांनी वेणू गेली. नवी गाडी त्यानंतर महिन्यानं आली आणि मला फाटकाशी सरकवलं. सीट छान वळते.

उद्या मला न्यायला उल्हासनगरहून भंगारवाला येईल. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नव्या गाडीचीही काळजी घ्या, बिचारीचा काय दोष? फक्त एक विनंती, मित्रांनो. कुणी आपलं माणूस दाराकडं डोळे लावून बसलं असेल, तर जी गाडी दारात आहे ती काढा आणि निघा.