गोजाबाईच्या हातावरचा फुगवटा

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता, त्या साली थेरगावात क्षयाच्या तपासणीचं पथक आलं. तोवर छबूबाईनं आपल्या पाच महिन्यांच्या लेकाला एकवीस दिवस कुशीत घेतलं नव्हतं. घेऊच दिलं नव्हतं हो! माहेरी आई क्षयानं गेली, छबूनं तिची सेवा केली, आणि परत येताच सासूनं, गोजाबाईनं, पोर काढून घेतलं. थुंकी तपासली, पुण्याला छातीचा फोटो काढला, दोन्ही स्वच्छ. पण गोजाबाई ऐकेल तर शपथ! पोराला शेळीचं दूध आणि छबूचं ताट-अंथरूण गोठ्यात. दाटलेला पान्हा पिळून टाकताना छबूला रडू फुटायचं.

देवळापुढं पथकातल्या डॉक्टरीण सुमनताई क्षयाचा माग काढायला गावकऱ्यांच्या, छबूच्याही, कोपराखाली सुई टोचत होत्या. तिसऱ्या दिवशी फुगवटा मोजायचा होता.

"मलाबी टोचा," गोजाबाई हात पुढं करून म्हणाली. "चांगलं रगत आन् सडकं रगत, गावाला फरक दिसू द्या!"

तिसऱ्या दिवशी छबूच्या हातावर सुपारीएवढा लाल फुगवटा आला.

"बघा! म्या म्हनलं न्हवतं?" पोराला कडेवर घेऊन गोजाबाई गरजली. आता लेक काही आपल्याला मिळत नाही, असं छबूला वाटलं.

"तुमचा हात बघू," सुमनताई म्हणाल्या. गोजाबाईनं पदर आवळला. त्यांनी तो बाजूला सारला, तर फुगवटा सुनेच्या दुप्पट!

"मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत हाय!"

"तशीच तुमची सूनही आहे. अहो, क्षयाचा जंतू कधीतरी तुमच्याही छातीत शिरला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी त्याला गिळलं. जे जंतू चिवट निघाले, त्यांच्याभोवती खांद्याला खांदा लावून कोंडाळं केलं, आत डांबून टाकलं. डांबलेला जंतू दुसऱ्याला लागेल कसा? सुईत जंतू नव्हता, त्याचा नुसता अंश होता. पेशींनी वैरी ओळखला आणि हातावर धावून आल्या. खोकला-ताप आला तर मात्र लगेच दाखवा."

"मग गोजे," म्हातारी आक्काबाई गर्दीतून ओरडली, "तुझं ताट गोठ्यात मांडायचं, का सुनेचं घरात?"

लोकांत खसखस पिकली. छबू मात्र कुणाला विचारत बसली नाही. तिनं सासूच्या कडेवरून लेकाला उचललं आणि पायरीवर बसून पदराखाली घेतलं. पोरानं आधी तोंड फिरवलं, मग हुंगलं, आणि असं चुरूचुरू ओढायला लागलं की छबू रडता रडता मोठ्यानं हसली.

गोजाबाई शेजारी येऊन टेकली.

"डोस्कं नीट धर त्याचं," ती पुटपुटली. "आन् जेवायला घरात ये."