सून रिटायर झाली

माणसाने रिटायर व्हावं, त्याला तुळसीअम्मांची ना नव्हती. पण रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पदर खोचून उभं राहावं, ही कुठली रीत? त्यांची सून विद्यालक्ष्मी नेमकं तेच करत होती, आणि आज त्याला बारा दिवस झाले होते.

चौतीस वर्षं विद्यालक्ष्मी चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या एका विम्याच्या ऑफिसात फायली सांभाळत होती. त्या चौतीस वर्षांत गॅसपुढे तुळसीअम्मा. डबा त्यांनी भरायचा, झाकण त्यांनी दाबायचं, सुनेने फक्त उचलून बस पकडायची. शाळा तिसरीतच सुटलेली, पण सांबाराला चिंच किती हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. कोण रुसलंय, कुणाचं पोट बिघडलंय, ते त्यांना पातेल्यात काय उरलं यावरून कळायचं.

आता पाचला उठून त्या स्वयंपाकघराच्या दाराशी यायच्या, तर सुनेने कॉफीचं डिकॉक्शन फिल्टरमधून उतरवलेलं असायचं.

"तुम्ही बसा, अम्मा. एक्क्याऐंशी वय झालं. पुष्कळ केलंत."

मुलगा रघुराम पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "बरोबर आहे तिचं."

मग त्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी रसमला नावं ठेवली, सहाव्या दिवशी भाताला. पुढे नावं ठेवायचाही कंटाळा आला. नवव्या दिवशी सून अंघोळीला गेलेली असताना त्यांनी दहीभात कालवला, डब्यात भरला, झाकण दाबलं आणि डबा दाराजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवला. विद्यालक्ष्मी बाहेर आली, हसली आणि तिने तो फ्रिजमध्ये सरकवला. तुळसीअम्मांना ना हसू आलं ना लाज वाटली. खालच्या मजल्यावरच्या कनकाने विचारलं, "काय अम्मा, आता आराम?" एरवी तिला असं उत्तर मिळालं असतं की आठवडाभर तिने जिना चढला नसता. तुळसीअम्मा नुसत्या "हो" म्हणाल्या.

बाराव्या दिवशी दुपारी ओटा लखलखीत पुसून सून एक पातळसं पुस्तक घेऊन बसली.

"काय आहे ते?"

"रिटायर झाल्यावर माणसाचं काय काय होतं, त्याचं. ऑफिसने दिलं. तमिळमध्ये आहे, सांगू वाचून?"

"सांग. मला कुठे चूल पेटवायची आहे."

विद्यालक्ष्मी तमिळ वाचत गेली आणि घरच्या मराठीत सांगत गेली. "पहिले काही दिवस नेहमीच्या वेळेलाच जाग येईल. उठून करायचं काय ते सुचणार नाही. हात आपोआप जुन्याच कामाला लागतील. चिडचिड होईल, मग तीही होणार नाही. जेवणाची चव जाईल. आपल्यावाचून काहीच अडत नाही, हे बघून…" ती थांबून हसली. "मला तर यातलं एकही होत नाही, अम्मा. उलट झोप चांगली लागते, भूकही लागते."

 सकाळचा तुळसीअम्मांचा अर्धा डोसा झाकणाखाली तसाच होता.

विद्यालक्ष्मीने मान वर केली. तिने सासूकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, परत पुस्तकातल्या त्याच ओळींकडे पाहिलं.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "उद्यापासून रसम तुम्ही करता का?"

"रसम मला, सांबार तुला? शाळेतल्या पोरांना खडू वाटतात तसं वाटू नकोस, विद्या." तुळसीअम्मांचा आवाज चढला नाही. "तुला त्यांनी सहा महिने आधी सांगितलं. शाल घातली, हार घातला, गाडीतून दारापर्यंत सोडायला दहा जण आले, त्यांना बोंडे मीच तळून दिले. पुढे कसं वाटेल त्याचं पुस्तकसुद्धा दिलं. आणि मला तू एका सकाळी 'बसा' म्हणालीस. मनाने तू वाईट नाहीस, ते मी कुणालाही सांगेन. पण माणसाला घरी कसं बसवायचं, ते तुझ्या ऑफिसाला कळत होतं. तुला कळलं नाही."