नवरीची गाडी

तृप्तीला नवरा कोणता करायचा, हे घरात एका बैठकीत ठरलं. तिला हॉलवर कोणत्या गाडीतून न्यायचं, हे मात्र हळदीचा दिवस उजाडला तरी ठरत नव्हतं.

सावळीरामकाकांची बासष्ट सालची अँबॅसडर होती, धनराजमामांची एकोणनव्वदची कॉन्टेसा. दोघंही मखमलाबादचे फूलशेतीवाले. गाड्या मळ्यातल्या शेडमध्ये कापडाखाली इतक्या मायेने जपलेल्या, की रस्त्याशी त्यांचा फारसा संबंध येत नसे.

"हिचा पत्रा बघा, पाव्हणं," काका म्हणाले. "ठोकायला गेलात तर हातोडा वाकंल."

"आणि वळवायला गेलं तर ड्रायव्हर वाकतो," मामा म्हणाले. "आमच्या कॉन्टेसात बसलं की माणूस मंत्री वाटतो."

"वाटतो ना. माजी."

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या आहेत, असं तृप्तीने सांगून पाहिलं. तिने कुणाचं तरी कूळ काढल्यासारखं दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

शेवटी तोडगा निघाला. घरापासून द्वारका चौकापर्यंत अँबॅसडर, तिथून इंदिरानगरच्या हॉलपर्यंत कॉन्टेसा. मग चुरस सजावटीवर आली. लग्नाच्या सकाळी दोन्ही गाड्यांची तोंडं झेंडूखाली गडप झाली होती.

तृप्ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. मुहूर्ताला हॉलवर पोचावं, एवढीच तिची त्या दिवशी अपेक्षा होती. "काका, पुढच्या जाळीवर हार नकोत. रेडिएटरला वारा लागणार नाही."

"तायडे, आपल्याच मळ्यातली फुलं हायेत. इंजिनाला काय बाधत्यात?"

मामांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि काकांच्यापेक्षा दोन माळा जास्त लावल्या.

द्वारकेच्या कोंडीत अँबॅसडरच्या बॉनेटमधून वाफ निघाली. मागून येणाऱ्या मामांचा चेहरा खुलला. "म्हातारी दमली वाटतं!" त्यांनी भाचीला सन्मानाने कॉन्टेसात बसवलं. सिग्नल ओलांडायच्या आत कॉन्टेसानेही वाफ सोडली. आता काकांचा चेहरा खुलला.

काकांनी रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला. "काका, हात भाजेल!" तृप्ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिचं ऐकलं. तिने शालू सावरत रिक्षा थांबवली.

"मामा, चला. मुहूर्त टळेल. माझ्या पाठीशी तुम्ही उभं राहायचंय."

"गाडी अशी उघड्यावर टाकून? कुणी ओरखडा काढला तर?"

"बरोबर हाय त्यांचं," काका म्हणाले. दोघांचं एकमत झालेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. ती एकटीच रिक्षात बसली.

ती हॉलवर पोचली तेव्हा अंतरपाट धरला होता. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं. "मुलीचे मामा कुठे आहेत?"

"उकळलेल्या गाडीपाशी," तृप्ती म्हणाली.

मोहिनीमामींनी हातातलं ताट जवळच्या बाईकडे दिलं, पदर खोचला आणि तिच्या मागे येऊन खांद्यावर हात ठेवला. "मी आहे. करा सुरू."

मंगलाष्टकं सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला मामी कानाशी वाकल्या.

"आधी कुणाची उकळली गं?"

"काकांची."

"अरे देवा," मामी कुजबुजल्या. "म्हणजे आमचे जिंकले. आता वर्षभर ऐकायचं."