आवाजाची चकती

उंचीमुळे त्याला सगळे ट्रायपॉड म्हणत. एका जागी उभं राहून दुसऱ्यांचा आनंद बघत बसायचं, हाच त्याचा धंदा. लग्नं, वाढदिवस, निरोपसमारंभ. कॅमेरा मालकाचा, शेवटी नावाची पाटीही मालकाचीच. आता त्याला स्वतःचा कॅमेरा हवा होता आणि त्यावर स्वतःची एक फिल्म. आईची. तिने उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. सगळ्या शहराची भांडणं, सोयरिकी आणि मरणं तिच्या कानांवरून गेलेली. शनिवारी थोरला भाऊ तिला परदेशी नेणार होता. कायमची. फिल्म व्हायची तर त्याच्या आत.

स्वस्त आणि चांगला कॅमेरा शोधायला लागलं की इंटरनेटवर जे ज्ञानी भेटतात, त्यांची टाळकी एकदा उघडून बघायला हवीत. मांजर दाखवतात, फुलपाखरू दाखवतात. कॅमेऱ्यावर तासन्‌तास बोलतील, पण त्या कॅमेऱ्याने एक गोष्ट सांगायची अक्कल नाही.

दुकानात खिशाला झेपणारे दोनच होते. एक नवाकोरा. दुसरा वापरलेला, कोपरे झिजलेले, चित्र जरा मळकट. पण त्याच्या कुशीला आवाज कमी-जास्त करायची चकती होती आणि हेडफोन लावायची सोय.

"तो डबा कशाला बघतोस?" दुकानदार म्हणाला. "नवा घे. हाय डेफिनिशन! माशीच्या मिशा मोजशील."

"माशीवर फिल्म नाही करायची मला."

"मग कुणावर?"

"आईवर."

"मग तर घेच. सुरकुती न् सुरकुती येईल."

ट्रायपॉडने धंद्यातल्या सगळ्या परीक्षा घेतल्या. पांढरा कागद पांढराच दिसतो का, काळ्या कोटाच्या घड्या दिसतात का, दारातल्या उजेडात चेहरा जळून पांढरा पडतो का. नवा सगळ्यांत पास झाला. आवाज त्याने ऐकलाच नाही. ऐकेल कशाला? समारंभाच्या धंद्यात माणसांचं बोलणं पुसून टाकतात आणि वर गाणं चिकटवतात. आशीर्वाद गेले, रडणं गेलं, ढोल उरला. असल्या कामात डोळे तयार होतात आणि कान मरतात. त्याने नवाच घेतला.

गुरुवारी त्याने आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. वर पंखा फिरत होता.

"केस तरी विंचरू दे."

"नको, अशीच बस."

"अशीच बस म्हणे! तिकडे सूनबाई बघेल, म्हणेल सासूला भुतासारखी ठेवली होती." मग तिने घसा साफ केला आणि नोकरीतल्या सवयीने विचारलं, "आवाज येतोय ना?"

"येतोय," स्क्रीनवरची नजर न हलवता तो म्हणाला.

आई बोलत गेली. "एक म्हातारा दर रविवारी एकच नंबर मागायचा. बायकोचा. ती गेलेली, नंबरही बंद झालेला. त्याला ठाऊक असणारच ना रे? मी काही बोलले नाही. नुसतं म्हणायचे, उचलत नाहीत हो, पुढच्या रविवारी बघा." मग ती कितीतरी वेळ गप्प राहिली. ट्रायपॉडला कळलं, आपली फिल्म हीच. ही गप्प बसलेली बाई.

शनिवारी भाऊ आला. आईला न्यायला आला होता की कपाट, तेच कळेना. सारखं वजन किती भरेल एवढंच विचारत होता. आईने जाताना पंखा बंद केला. वीज फुकट जाते म्हणाली.

संध्याकाळी ट्रायपॉडने हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकलं. चित्राला तोड नव्हती. पण आई थांबली की कॅमेरा आपणहून आवाज शोधायला निघे, आणि दुसरं काही सापडलं नाही की पंख्यालाच धरून वर ओढे. पुढच्या रविवारी बघा. आणि मग घरघर, जणू घरात पिठाची गिरणी चालू. त्याने सगळी बटणं दाबून पाहिली. हे बंद करायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने विचारलं, "काय, आल्या का सुरकुत्या?"

"सुरकुत्या आल्या. आई नाही आली. तो डबा दे."

"वेडा आहेस," म्हणत दुकानदाराने बदलून दिला. फायदा त्याचाच होता.

घरी येऊन ट्रायपॉडने मळकट कॅमेरा रिकाम्या खुर्चीसमोर लावला. पंखा बंदच होता. हेडफोनमध्ये फ्रिज ऐकू आला, भिंतीतलं पाणी आणि मग स्वतःचाच श्वास. या घरात आता एवढेच तिघं. त्याने आईला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन खुर्चीत ठेवला.

"आई, त्या म्हाताऱ्याचं परत सांग."

"आत्ता? इथे सगळे जेवायला बसलेत. आणि सांगितलं की तुला."

"परत सांग ना."

"थांब, दार लावते." कडीचा आवाज आला. "आवाज येतोय ना?"

त्याने चकती थोडी फिरवली. स्क्रीनवरची आवाजाची हिरवी पट्टी हलली, वर चढली, ठरली. कानात तिचा श्वास आला, जिना चढून आल्यासारखा.

"येतोय," तो म्हणाला. "आता येतोय. बोल."

तिने सांगितलं. म्हातारा, बंद नंबर, पुढच्या रविवारी बघा. आणि ती थांबली. या वेळी शांततेत कुणी काही ओतलं नाही. मग तिकडून भावाने हाक मारली आणि फोन बंद झाला.

ट्रायपॉडने कॅमेरा बंद केला नाही.