कॅप्टनचं चुकतंय

"म्हण ना, 'कॅप्टन, तुमचं चुकतंय.' सोपं वाक्य आहे."

तामियाचं, म्हणजे डाळीच्या वड्यांचं, सँडविच हातात तसंच धरून कॅप्टन रऊफ हलीम आपल्या को-पायलटची शिकवणी घेत होते. नर्मीन त्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाची. कैरो विमानतळामागच्या त्या प्रशिक्षण केंद्रात सगळे त्यांना पाहून उठून उभे राहायचे, आणि ही पोर तर चहाचा कप उचलतानाही 'या फंदम', म्हणजे 'साहेब', म्हणत त्यांची परवानगी घेत होती.

"या फंदम, कसं म्हणू? माझ्या वडिलांनी ऐकलं तर तंगडं मोडतील."

"वडील नसणारेत विमानात. म्हण."

"बरं. कॅप्टन... म्हणजे, जरा... कदाचित थोडंसं..."

"तुझं कदाचित-थोडंसं होईपर्यंत आपण मुकत्तमच्या टेकडीत घुसलेले असू!"

नर्मीन खळखळून हसली. रऊफही हसले, पण सँडविच त्यांनी न खाताच खाली ठेवलं. मागच्या परीक्षेत ते नापास झाले होते. सिम्युलेटरमध्ये बसवून यंत्रं मुद्दाम बिघडवायची आणि वैमानिक काय करतो ते बघायचं, अशी ती परीक्षा. आज पुन्हा नापास झाले असते तर डाव्या बाजूची कॅप्टनची खुर्ची कायमची गेली असती. केस पांढरे झालेल्या माणसाला कोण दुसरी खुर्ची देतो? कुठल्यातरी कार्यालयात पंख्याखाली बसून सह्या करायच्या, एवढंच उरलं असतं.

मागच्या वेळी शेजारी बसलेला मुलगा गुणी होता, अतिशय सभ्य. विमान वाळवंटाकडे कोसळत होतं आणि तो विचारत होता, "सगळं ठीक आहे ना, कॅप्टन?" रऊफ म्हणाले होते, "गप्प बस." मग समोरचा पडदा लाल झाला, विमान पडलं होतं. आपल्याकडे मोठ्यांना चूक दाखवणं म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणं. हे संस्कार जेवणाच्या ताटापाशी शोभतात. विमानात ते जिवावर बेततात.

दुपारी दोघं सिम्युलेटरमध्ये चढले. मागे परीक्षक कॅप्टन वगीह बसले. हा माणूस बिघाड असे निवडायचा, जशी सासू सुनेसाठी कामं निवडते, शोधून शोधून अवघड.

धावपट्टी सुटली, समोरच्या पडद्यावर रात्रीचं शहर मागे पडलं. विमान ढगात शिरलं. इथवर सगळं छान. मग रऊफ यांच्यासमोरचा वेगाचा आकडा वाढू लागला. वाढतच गेला. फार वेग झाल्याची खडखड सुरू झाली.

"वेग जास्त होतोय," असं म्हणत रऊफ यांनी दांडी ओढली आणि विमानाचं नाक वर घेतलं. नाक वर केलं की वेग उतरतो. त्यांचा आकडा मात्र आणखी चढला. त्यांनी इंजिनांची शक्ती कमी केली आणि नाक आणखी वर घेतलं.

नर्मीनच्या समोर वेगळाच आकडा होता, आणि तो भराभर उतरत होता. मधल्या छोट्या यंत्रावरही तेच.

"कॅप्टन, माझ्याकडे वेग कमी दिसतोय. मधल्यावर बघता का जरा?"

"खडखड ऐकू येत नाही का तुला?"

तेवढ्यात त्यांच्या हातातली दांडी थरथरू लागली. वेग संपत आला, आता विमान पडणार, असं सांगणारी ती थरथर. वर खडखड म्हणते वेग फार, हातात दांडी म्हणते वेग नाही.  रऊफ यांचे डोळे त्या एका आकड्याला चिकटले. हात दांडी ओढतच राहिले.

"या फंदम, मला वाटतं..." नर्मीन थांबली. आणि मग अशी ओरडली की मागे वगीह यांच्या हातून पेन पडलं. "चुकतंय! तुमचं चुकतंय! सोडा दांडी, मी घेतलं विमान!"

क्षणभर रऊफ यांची बोटं आणखी घट्ट झाली. सगळा जन्म त्या बोटांत होता. मग त्यांनी ती उघडली.

"तुझं विमान," ते म्हणाले.

नर्मीनने नाक खाली दाबलं, शक्ती वाढवली. थरथर थांबली. हात मोकळे झाले तसं रऊफ यांचं डोकंही मोकळं झालं. "माझा आकडा खोटा. तुझा आणि मधला जुळतोय. नाक इथे ठेव, शक्ती एवढीच, हलवू नकोस," ते एकेक पाठ केलेली गोष्ट शांतपणे सांगू लागले. ती उडवत राहिली, ते पडताळत राहिले, आणि दोघांनी मिळून विमान खाली आणलं.

दिवे लागले. नर्मीन त्यांच्याकडे वळली. "माफ करा, कॅप्टन. मी तुमच्या हातून विमान काढून घेतलं. आता तुमची खुर्ची..."

रऊफ यांनाही तेच वाटत होतं. संपलं. तरी त्यांना तिचा राग आला नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

वगीह पेन शोधत म्हणाले, "मागच्या वेळी आकडा चुकीचा वाचला म्हणून मी तुम्हाला नापास केलं नव्हतं. आकडा मीच बिघडवतो, कोणीही फसेल. तुम्ही त्या पोराचं ऐकलं नव्हतं, म्हणून केलं होतं. आज पोरीने सांगितलं आणि तुम्ही सोडलं. दोघंही पास."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर रऊफ भिंतीला टेकून उभे राहिले. इतकी वर्षं शेजारी किती को-पायलट बसले. किती जणांनी ओठांवर आलेलं गिळलं असेल, आणि मागे माणसं, लेकरं झोपलेली. तेव्हा आकडे खरे निघाले, ही निव्वळ देवाची कृपा. "अल्हम्दुलिल्लाह," ते पुटपुटले. मग नर्मीनकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझे उपकार आहेत माझ्यावर. खुर्चीसाठी नाही म्हणत. तू माझी भीड ठेवली नाहीस, त्यासाठी."

फोन वाजला. बायको, इन्शिराह. त्यांनी सगळं सांगितलं, ओरडण्यासकट.

"तिला द्या फोन," इन्शिराह म्हणाली.

नर्मीनने दोन्ही हातांनी फोन धरला आणि काकूला म्हणतात तसं 'तंत' म्हणत बोलू लागली. "हो, तंत... नाही, तंत... हो, चांगलीच जोरात ओरडले." मग ती नुसतीच ऐकत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

"काय म्हणाली?" रऊफ यांनी विचारलं.

"म्हणाल्या, तुम्ही कामावर निघालात की त्या रोज दारात उभ्या राहून देवाकडे एकच मागणं मागतात. आज तरी यांच्या शेजारी यांना न घाबरणारं कोणीतरी बसू दे."