नऊ नमुने, मुळासकट

देवाने ते पठार घडवलं तेव्हा त्याने कुणाकडे तीन प्रतींत अर्ज केला नव्हता. पण ते वाचवायचं म्हटल्यावर अर्ज आला, आणि अर्ज आला म्हणजे परिपत्रकराव आलेच.

परिपत्रकराव म्हणजे हेडक्लार्क. माणूस पापभीरू, पण पापापेक्षा वरिष्ठांच्या शेऱ्याला जास्त भिणारा. त्यांच्या टेबलासमोर गवतबाई बसल्या होत्या. अकरा वर्षं त्या पठारावर गुडघे टेकून रोपं मोजत आल्या, म्हणून ऑफिसने ठेवलेलं हे नाव. पठाराला संरक्षण मिळावं म्हणून त्यांनी दोनशे पानी प्रस्ताव दिला होता. सोमवारी सही झाली नाही, तर मंगळवारी पठार दगडखाणीला जाणार होतं.

"बाकी झकास आहे हो, बाई," राव म्हणाले. "पण दुर्मीळ वनस्पतीचे नमुने कुठायत? तीन कार्यालयं, प्रत्येकी तीन. मुळासकट, वाळवून."

"नऊ? अहो, सगळ्या पठारावर ती सातच उरलीत!"

राव गंभीर झाले. "मग दोन कमी पडतात."

"भाऊसाहेब, सातही उपटली तर वाचवायचं काय? माझं कपाळ?"

"ते मंजुरीनंतर बघू. न बघता विश्वास ठेवायला हे ऑफिस आहे, देऊळ नाही."

"देवळात निदान देव उपटून आणा म्हणत नाहीत!"

घरी नवरा भांडी घासत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कढईवरची नजर न काढता म्हणाला, "नऊ काड्या कोथिंबिरीच्या वाळव आणि चिकटव. तिथे बघतंय कोण?"

"खोटं नाही हं चिकटवणार मी," त्या फणकारल्या. पण मग पदर खोचता खोचता थबकल्या. खरंच की! बघतंय कोण?

सोमवारी त्यांनी नमुन्यांचं कोरं परिशिष्ट भरलं: 'नमुने सात. मुळासकट पठारालाच जोडले आहेत. साहेबांनी समक्ष पडताळावेत. गाडीरस्ता संपल्यावर अडीच तास चढ. सावली नाही. जळवा आहेत.' यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

राव फाइल घेऊन साहेबांकडे गेले, मागोमाग बाई. लिफ्ट बंद असली की साहेब दुसऱ्या मजल्यावरसुद्धा चढायचे नाहीत, सरळ रजा टाकायचे.

"जळवा?" साहेबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "राव, हे नियमात बसतं का?"

"नमुना कशाला जोडायचा, हे नियमात दिलेलं नाही, साहेब."

साहेबांनी झरझर लिहिलं: 'समक्ष पाहिले. उत्तम स्थितीत.'

"पण साहेब, नियमाला नऊ लागतात," राव चाचरले. "इथे सातच आहेत."

"मी नऊ पाहिले," साहेब म्हणाले आणि आकडा दुरुस्त करून सही ठोकली.

पठार वाचलं. ज्यांनी त्यावर कधी पाऊल ठेवलं नाही, त्यांच्याच पुण्याईने!

पुढच्या मोसमात गवतबाईंना नोटीस आली: 'मंजुरीत नऊ, आपल्या प्रस्तावात सात. संरक्षित क्षेत्रातील दोन रोपे गहाळ. तीन दिवसांत खुलासा करावा.'

बाई पाण्याची बाटली घेऊन पठारावर चढल्या. गुडघे टेकून मोजलं. पुन्हा मोजलं. कुणी उपटलीच नव्हती, त्यामुळे बिचारी रुजली होती. अकरा! बाईंनी तिथेच हात जोडले, डोळे पुसले आणि खुलासा लिहिला: 'दोन सापडली. शिवाय आणखी दोन आली आहेत.'

परिपत्रकरावांनी तो दोनदा वाचला.

"अभिनंदन, बाई," ते मनापासून म्हणाले. "पण या वरच्या दोघांना परवानगी कुणी दिली?"