ते छोटे गणवेश

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. कुरकुर फार करते, पण खोटं बोलत नाही.

वीस वर्षं शिंपीकाकांनी मला चालवलं. शाळेचे सदरे, बाळांची अंगडी, काय काय शिवलं! गिऱ्हाइकं माझं कौतुक करत आणि मी फुगून जाई. मग लढाई आली. बंदूकवाल्यांनी धमकावून गणवेश शिवून घेतले. मापं दहा-बारा वर्षांच्या मुलांची! पोरं वाढतात, म्हणून काकांनी सवयीने प्रत्येक विजारीच्या पायाला चार बोटं कापड आत दुमडलं. म्होरक्या हसला. "कापड कशाला वाया घालवता? वाढणार कोण आहे?" काकांनी मान खाली घातली. मी चालत राहिले.

लढाई संपली, पण ते गणवेश आम्ही शिवले म्हणून आमच्या दारात कुणी फिरकेना. माझ्यावर धूळ साचली. फार एकटं वाटायचं हो.

मग एक मुलगी शिवण शिकायला आली. पंधरा वर्षांची असेल. लढाईत तिनेही तो गणवेश घातला होता. तिच्याशीही कुणी फारसं बोलत नसे. एका दुपारी बाही जोडता जोडता ती थांबली.

"काका, बंदूकवाले खबऱ्याचं घर दाखव म्हणाले, तर मी सुताराचं दाखवलं. त्याला धरून नेलं, तो परत आलाच नाही."

"अगं, लहान होतीस तू. तुझ्या हातात काय होतं?"

"सगळे हेच म्हणतात!" ती ओरडली. "एक रिकामं घर मला माहीत होतं, ते दाखवता आलं असतं. पण त्याने एकदा मला हाकललं होतं, त्याचा राग होता. हे कुणी ऐकूनच घेत नाही."

काकांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "ऐकलं मी. दाखवलंस तू. आणि तुझ्या अंगावरचा गणवेश मी शिवला."

"सुतारकाकूंना सांगायचंय. एकटीने पाय उचलत नाही."

काकांनी चपला घातल्या.

तासाभराने ते एकटेच परतले. "केलं का हो सुतारकाकूंनी माफ?" काकांच्या बायकोने विचारलं.

"छे! माफी कसली. नवरा जाताना काय म्हणाला, एवढंच विचारलं. त्याला नेलं तेव्हा या पोरीशिवाय तिथे ओळखीचं होतंच कोण? पोरगी सांगतेय अजून."

मित्रांनो, मला तेल घाला, धूळ पुसा, एवढं मागणं आहेच. पण कुणी आपली चूक सांगू लागलं, तर 'जाऊ दे' म्हणून त्याला गप्प करू नका. सुताराची बायको चार वर्षं नवऱ्याच्या त्या शेवटच्या वाक्याची वाट बघत होती.